पहाटेची भाकरी आणि पदवीचा अभ्यास

विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विषय निघाला म्हणजे उपदेशाची एक ठरलेली यादी पुढे येते. पहाटे उठावे, थंड पाण्याने स्नान करावे, सूर्यनमस्कार घालावे, मैदानावर खेळावे आणि नेमाने अभ्यास करावा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला, तेव्हापासून तर व्यायामाचे महत्त्व महाराष्ट्रात निराळे सांगावे लागत नाही. हा उपदेश खोटा आहे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु त्याच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, ज्याला हा उपदेश करावयाचा त्याच्या पोटात अन्न आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या प्रकृतीचा विचार करू लागले, की नेमके हेच गृहीत डळमळू लागते.

हे दोन्ही तालुके मुंबईपासून फारसे दूर नाहीत. सह्याद्रीच्या पायथ्याशी ते एकमेकांस लागून वसले आहेत. शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा रस्ता व कसाऱ्याचा लोहमार्ग जातो. शहापूर गावाचे स्थानक म्हणजे आसनगाव. मुरबाडास मात्र अद्याप आगगाडी नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हाच त्या तालुक्याचा मुख्य आधार. भात हे दोहोंकडील प्रधान पीक, आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी. वस्ती कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली अशी मिश्र. शहापुरास सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाडजवळ शिवळे येथे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय निघाल्यामुळे उच्च शिक्षण डोंगराच्या पायथ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. तरीही पुष्कळ मुलेमुली पुढील शिक्षणासाठी कल्याण, उल्हासनगर, ठाणे येथवर रोज ये-जा करतात. त्यांपैकी कित्येकजण आपल्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिलेच असतात.

डोळखांबच्या बाजूची अशी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. कल्याणच्या एखाद्या महाविद्यालयात तिचे नाव आहे. सकाळचा पहिला तास गाठावयाचा म्हणजे तिला अंधारातच उठावे लागते. पाणी भरणे, केर काढणे ही कामे तिला चुकत नाहीत. चूल पेटते ती चहापुरती. भाकरी होईपर्यंत एस. टी. निघून जाते. कोऱ्या चहाचा पेला घेऊन ती आसनगाव गाठते व तेथून लोकलने कल्याणास जाते. दुपारी वर्ग सुटले की स्थानकाबाहेर एक वडापाव आणि पुन्हा चहा. घरी परतून ताटावर बसेपर्यंत चार वाजतात. आदल्या रात्री आठ वाजता जेवलेली ही मुलगी चोवीस तासांपैकी वीस तास एका वडापावावर काढते. मुरबाडच्या टोकावडे भागातील मुलाची कथाही फारशी निराळी नसते. फरक एवढाच की, लोकलचा प्रवास त्याच्या वाट्यास नाही, आणि कल्याणपर्यंतचा सगळा रस्ता तो एस. टी.त, कित्येकदा उभ्यानेच, कंठतो.

असा विद्यार्थी वर्गात पेंगला, प्रश्न विचारला असता गोंधळला, खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसून राहिला, तर शिक्षक त्याला आळशी म्हणतात. घरी आई म्हणते, शिकायला लागल्यापासून हिला काम नको झाले. पुढे पुढे तर तो विद्यार्थीही मनाशी तेच म्हणू लागतो. आपली बुद्धीच कमी, हे शिक्षण आपल्यासारख्यांचे नव्हे, असे त्यास वाटू लागते. मग एखाद्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरावयाचा राहतो आणि शिक्षण थांबते. ज्याला आळस समजून दूषण दिले, तो पुष्कळदा साधा अशक्तपणा असतो, आणि त्यावर उपाय आहे, ही गोष्ट या दोन तालुक्यांतील प्रत्येक पालकास व शिक्षकास कळणे अगत्याचे आहे.

प्रथम उपाशी पोटाचा विचार करू. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन इतकेच असते. परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात जेवढी शक्ती खर्च होते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्याचे मुख्य इंधन म्हणजे रक्तातील साखर. रात्री आपण झोपलो असताना यकृत आपल्या साठ्यातून ही साखर पुरवीत असते आणि पहाटेपर्यंत त्या साठ्यातील बराच भाग संपुष्टात येतो. त्यानंतरही अन्न न मिळाले तर शरीर हरत नाही. ते चरबी व स्नायू मोडून गरज भागविते. परंतु त्या काटकसरीत उत्साह, एकाग्रता आणि चित्ताची प्रसन्नता यांना प्रथम कात्री लागते. चहाने तरतरी आल्यासारखी वाटते खरी, पण ती उसनी असते.

याहून खोल असा दुसरा दोष म्हणजे रक्तक्षय. जुन्या वैद्यकात ज्याला पंडुरोग म्हणत, तो हाच. रक्तातील तांबडे द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, हे फुप्फुसांतील प्राणवायू अंगभर वाहून नेते. ते घडावयास लोह लागते. लोह कमी पडले की हे वाहतुकीचे काम मंदावते आणि स्नायूंना व मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. स्त्रियांत हे द्रव्य दर शंभर मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम आणि पुरुषांत १३ ग्रॅम असावे असे मानतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ आणि त्याच वयाच्या मुलांपैकी शेकडा ३१ यांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे वर्गातील एका बाकावर दोन मुली बसल्या असतील, तर त्यांपैकी एक तरी या दोषाने ग्रासलेली असण्याचा संभव फार मोठा आहे.

याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. स्थानकाचा पूल चढताना धाप लागते, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ व नखे फिकट दिसतात. कोणाला माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. हा चाळा नसून लोहाच्या उणिवेची खूण असू शकते. अशा वेळी शहापूरच्या अथवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात, नाही तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे. बोटभर रक्ताचा तो प्रश्न आहे.

आता उपायाकडे वळू. पहिला उपाय घरातल्या घरात आहे, आणि दुर्दैव असे की घरातला म्हणूनच तो नजरेआड होतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम व चार मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. तितक्याच पांढऱ्या तांदळात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमही नसते आणि लोह एक मिलिग्रॅमहून कमी. तरीसुद्धा नाचणीची भाकरी डब्यात नेण्याची मुलांना लाज वाटते, कारण ती काळी दिसते आणि गरिबाचे अन्न म्हणून ओळखली जाते. गंमत अशी की, संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि शहरांतील दुकाने त्याच नाचणीची बिस्किटे चकचकीत वेष्टनात बांधून महाग विकतात. डोंगरावर पिकणारे धान्य शहरात जाऊन श्रीमंत होते आणि ते पिकविणाऱ्याचा मुलगा वडापाव खातो!

तथापि एकट्या नाचणीने लोहाची भरपाई होईल असे मात्र समजू नये. तरुण स्त्रीला दररोज सुमारे २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०२० सालची शिफारस आहे. ते अनेक पदार्थांतून जमवावे लागते, आणि या तालुक्यांत असे पदार्थ मुबलक आहेत. भातानंतर त्याच ओलीवर होणारे वाल, तूर, हरभरा, पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्या, दारचा शेवगा, शेतातील खेकडे आणि बाजारातील जवळा, सुकट, बोंबील. मासळीतील लोह शरीरात सहज जिरते. धान्याभाज्यांतील लोह तितके सहज जिरत नाही. परंतु त्याबरोबर लिंबू, आवळा किंवा कैरी खाल्ली तर ते अधिक प्रमाणात जिरते. उलट जेवणाबरोबर अथवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा त्यास अडवून धरतो. म्हणून चहा सोडावयाचा नसला, तरी चहा आणि भाकरी यांच्यात निदान तासाभराचे अंतर ठेवावे. नाचणीला व कडधान्याला मोड आणल्यानेही त्यांतील लोह शरीरास अधिक मिळते. आजीच्या हातची आंबील या दृष्टीने मोठी शहाणपणाची होती.

पहाटे भाकरी करण्यास वेळ नाही, ही अडचण खरी आहे. तेव्हा रात्रीच्या स्वयंपाकात दोन भाकऱ्या अधिक थापाव्यात. सकाळी निघताना एक खावी, आणि दुसरी कोरड्या चटणीबरोबर वा सुक्या उसळीबरोबर डब्यात न्यावी. तेही न साधल्यास मूठभर भाजलेले चणे, शेंगदाणे व गुळाचा खडा खिशात टाकावा. भात रात्रभर बाहेर राहिला असेल तर तो मात्र डब्यात नेऊ नये. उन्हाळ्यात व पावसाळ्यात तो बाधण्याचा संभव असतो. यासाठी फार पैसा लागत नाही; लागतो तो घरातील एक निश्चय, की जसे मुलाचे पुस्तक चुकत नाही, तशी त्याची न्याहारीही चुकावयाची नाही.

दुसरा उपाय औषधाचा. लोह आणि फॉलिक आम्ल यांची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. या गोळीतील अर्धा भाग मुंबईच्या इतिहासाशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईस आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. या बायकांचा आजार कोणत्याही जंतूमुळे नसून निकृष्ट आहारामुळे आहे, असे तिच्या ध्यानात आले. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. तिने १९३१ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे हिरव्या पालेभाजीतून १९४१ मध्ये वेगळे काढलेले फॉलिक आम्ल. मुंबईच्या श्रमिक स्त्रियांच्या दुखण्यातून जगाला मिळालेले हे ज्ञान आहे. त्याच मुंबईच्या उंबरठ्यावरील मुलींनी त्यापासून वंचित राहावे, हे शोभत नाही.

परंतु येथे एक मोठी मेख आहे. शाळेतील मध्यान्ह भोजन इयत्ता आठवीपर्यंत मिळते. आठवड्याची निळी गोळी आणि जंतांचे औषध १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना शाळेत व अंगणवाडीत दिले जाते. पुढे मुलगी गरोदर राहिली म्हणजे आरोग्यसेविका तिच्या दारी येते. या दोहोंच्या मधला काळ म्हणजेच महाविद्यालयाचा काळ. आधार सुटतो तो नेमका अभ्यासाचा व प्रवासाचा भार वाढतो त्याच वयात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'अनीमिया मुक्त भारत' या योजनेत २० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांसाठीही आठवड्याला एक तांबडी गोळी ठरविली आहे. पण ती आपण होऊन उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मागावी लागते. जी मुलगी पहाटे जाते आणि उपकेंद्र बंद होण्याच्या सुमारास परतते, तिच्यापर्यंत ती कशी पोहोचावी? घरातील वडीलधाऱ्यांनी ती आणून ठेवावी, हाच मार्ग. गोळीने शौचास काळे होते, क्वचित मळमळते; त्यात भिण्याजोगे काही नाही. मळमळ झाल्यास ती जेवणानंतर घ्यावी, मात्र चहा-दुधाबरोबर घेऊ नये. आणि बरे वाटू लागताच उपचार सोडू नये. रिकामे झालेले कोठार भरावयास महिने लागतात.

कित्येकदा गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. त्याची दोन-तीन कारणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. भातलावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभे राहिल्याने अंकुशकृमी नावाचे जंत तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्यास चिकटून रक्त पितात. शौचालयाचा वापर, पायांत वहाणा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतांची गोळी, हे त्यावरचे उपाय. दुसरे कारण म्हणजे मासिक पाळीत होणारा अतिरिक्त स्राव; तो लपविण्याचा विषय नसून डॉक्टरांस सांगण्याचा विषय आहे. तिसरे कारण सिकलसेल नावाचा आनुवंशिक दोष. आदिवासी समाजांत तो विशेष आढळतो. त्याच्या तपासणीसाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची त्यात तपासणी होते. ज्याच्या अंगी हा दोष निम्माच आहे, तो सहसा निरोगी असतो. परंतु असे दोघे वधूवर एकत्र आले तर प्रत्येक अपत्यास पूर्ण आजार होण्याचा धोका चारांत एक इतका असतो. म्हणून पत्रिका पाहण्यापूर्वी रक्त पाहावे. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाची गोळीदेखील डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाण्याचा प्रश्न तर या भूमीचा जुनाच आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आणि त्यानंतरचे भातसा धरण ही दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत, आणि मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या जवळपास पाणी एकटे भातसा पुरविते. तथापि उन्हाळा आला की याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. अशा पाण्यातून विषमज्वर, कावीळ, अतिसार पसरतात आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी अंथरुणास खिळतो. पाणी उकळून गार केलेले असावे व घरूनच बाटलीत न्यावे. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. प्रवासात व महाविद्यालयात स्वच्छतागृहाची सोय धड नसल्यामुळे त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने डोके दुखते, आणि मूत्रमार्गाचे विकार जडतात. हा दोष मुलींचा नव्हे, सोय न करणाऱ्यांचा आहे. परंतु सोय होईपर्यंत तहान मारणे हा उपाय खचित नाही.

झोपेचेही तसेच. या वयात सात ते नऊ तास झोप हवी. पहाटे साडेचारला उठणाऱ्याने रात्री बारापर्यंत मोबाईल पाहत बसणे म्हणजे दिवाळे काढून सावकारी करण्यासारखे आहे. जागरण व भूक मारण्यासाठी मग काहीजण तंबाखू, मावा, मिश्री यांचा आश्रय घेतात. गुटख्यास महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे; पण बंदी कायद्याने होते आणि सवय सुटते ती निश्चयाने. उपाशी पोट हेच पुष्कळदा या व्यसनाचे दार असते. न्याहारी सुरू झाली की ते दार आपोआप निम्मे लोटले जाते.

शरीराबरोबर मनाचाही विचार हवा. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलावर साऱ्या कुटुंबाची आशा टेकलेली असते. शहरी मुलांच्या वेषाचा, भाषेचा व सफाईदारपणाचा त्यास संकोच वाटतो, आणि मन मोकळे करावयास जवळ कोणी नसते. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर ते दुबळेपणाचे लक्षण समजून लपवू नये. २०२२ पासून भारत सरकारने 'टेलीमानस' ही दूरध्वनीसेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही, विनामूल्य सल्ला मिळतो. तसेच खचलेल्या मित्रास एकटे न सोडणे हा मैत्रीचा पहिला धर्म होय.

अखेर महाविद्यालयांनाही थोडे करता येण्यासारखे आहे. १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना प्रत्येक ठिकाणी असतेच. तिच्या स्वयंसेवकांनी आरोग्य केंद्राच्या मदतीने वर्षातून दोनदा सर्व विद्यार्थ्यांचे रक्त तपासून घ्यावे आणि ज्यांचे कमी भरेल त्यांची नावे न पुकारता त्यांना उपचारापर्यंत न्यावे. पहिल्या व दुसऱ्या तासांमध्ये दहा मिनिटांची भाकरीची सुटी ठेवावी. उपाहारगृहात चहाच्या शेजारी नाचणीची भाकरी, उसळ आणि लिंबाची फोड मिळेल असे पाहावे. महिला बचत गटांना त्यातून चार पैसेही सुटतील. शिक्षकांनी स्वतः तीच भाकरी सर्वांदेखत खाल्ली, तर मुलांची लाज एका आठवड्यात नाहीशी होईल.

माहुलीच्या सुळक्यांवर ऊन पडण्यापूर्वी आसनगावच्या फलाटावर ही मुले उभी असतात. त्यांच्या पाठीवरील पिशवीत पुस्तके आहेत, हे पाहून आईबापांस अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. त्या पिशवीत भाकरी आहे की नाही, एवढे मात्र त्यांनी दररोज चाचपून पाहावे. पदवी तीन-चार वर्षांत मिळेल. परंतु ती मिळाल्यावर काम करावयाचे ते याच शरीराने.